मावशीची विहीर आणि महाराजांची ओंजळ

आधी मावशीचं सांगते. मावशी म्हणजे ठाण्याच्या पुढच्या दिवा गावातली आमची घरमालकीण. तिने मला तिच्या अंगणातल्या विहिरीचं पाणी दिलं, गावकीचा हॉल उघडायला लावला, दाराशी वाळत घातलेले बोंबील माझ्यासाठी बहिणीच्या घरी पाठवले, आणि हे करताना एकदाही मला ओशाळं वाटू दिलं नाही. आता काय घडलं ते सांगते. आमच्या आईची सवय आहे ही, ज्याचा हात लागला त्याचं पहिल्यांदा बोलायचं, आपलं मागनं.

मी कृष्णाकाठची. आमचं घर शेतकरी जैनांचं, ऊस आणि दोन म्हशी. आठवीत होते तेव्हा पूर आला. पाणी ओसरल्यावर बाकीच्या मुली शाळेत परत गेल्या, मी घरातला चिखल काढत राहिले, आणि शाळा सुटली ती सुटलीच. लग्न होऊन इकडे आले. आमचे हे भिवंडीच्या गोदामात माल उतरवून घेतात, मी घरी ब्लाउज शिवते. स्वभावाने मी भित्री. खाली उतरले की गॅस बंद केला का बघायला परत वर चढते. नवरा म्हणतो, तुला कुठे जायचं असेल तर अर्धा तास आधी निघ, त्यातला अर्धा वेळ परत यायला ठेव.

तर आमच्या बाजूचे एक मोठे आचार्य महाराज ठाण्याहून कल्याणकडे विहार करत निघाले होते. विहार म्हणजे पायी, अनवाणी. मुक्काम डोंबिवलीत ठरलेला. पण मुंब्र्याच्या पुढे त्यांचा गुडघा सुजला, आणि संघातल्या ब्रह्मचारिणी ताईंनी ठरवलं की आता दिव्यातच थांबायचं. दिव्यात जैनांची घरं बोटांवर मोजण्याइतकी. त्यातलं एक आमचं. ताईंचा फोन आला तेव्हा माझ्या हातातली कात्री खाली पडली.

आमचे मुनी दिगंबर. अंगावर वस्त्र नाही. हातात मोरपिसांची पिंछी आणि कमंडलू, एवढीच काय ती मालमत्ता. दिवसातून एकदा, उभ्यानं, स्वतःच्या ओंजळीत वाढलेलं खायचं. पाणीसुद्धा तेव्हाच, नंतर थेंब नाही. त्यांच्यासाठी स्वयंपाक करायचा तर सोवळ्यात, घरी दळलेल्या पिठाचा, आणि पाणी विहिरीचं. नळाचं चालत नाही. आणि दिव्यात नळाचंच धड येत नाही, तर विहीर कुठून आणायची?

मी मावशीकडे गेले. मावशी आगरी, साठीच्या आतबाहेरची. तिच्या सासरचे पूर्वी मिठागरात राबायचे आणि थोडा भात पिकवायचे. आता त्या जमिनीवर चाळी आहेत आणि मावशी त्यांची मालकीण. अंगणातल्या विहिरीवर तिने लोखंडी जाळी बसवून घेतलेली. खाडी एवढ्या जवळ, तरी पाणी गोडं. नळ आल्यापासून ते कोणी पीत नव्हतं, गणपतीत आणि धुण्यापुरतं काढायचे.

मी भीत भीत सगळं सांगितलं. मावशी ऐकत होती. मग म्हणाली, "बाय, पानी कुनाच्या बापाचा हाय? ने. पन मना एक सांग, त्यो बाबा जेवतं काय?"

"मीठ आणि साखर सोडून सगळं, मावशी. म्हणजे आपलं भाजी-भाकरीचं."

"मीठ पन नाय?"

"दीक्षा घेतल्यापासून सोडलंय."

"आगं, माज्या सासऱ्याच्या पायाला मिठानी भेगा परल्या, माजा आरधा जलम मिठागरात गेला. न यो बाबा बोलतं मीठ नको. मंग आमी पिकवला कुनासाठी?"

हे मी ताईंना सांगितलं, ताईंनी महाराजांना. महाराज पोट हलेपर्यंत हसले म्हणे.

महाराज उतरले होते त्या हॉलच्या दाराशीच मावशी पहिल्या दिवशी थबकली, पदर तोंडाला लावून. थोड्या वेळाने आत गेली, लांबून हात जोडले, आणि बाहेर येऊन मला म्हणाली, "मना वाटलेला, लाज वाटंल. पन तान्ह्या पोराला बगून कुनाला लाज वाटते का?"

ह्या महाराजांची गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आलेली. नदीच्या पलीकडच्या गावचे. चौथीनंतर शाळा सोडून बैलांमागे लागले. तरुणपणी तालमीत जायचे आणि खाण्यात त्यांचा हात कोणी धरत नसे. लग्नाच्या पंगतीत ते बसले की वाढपी आपापसात कुजबुजायचे. गव्हाच्या खिरीचं अख्खं पातेलं त्यांनी एकट्याने संपवलेलं बघितलेली माणसं आमच्या गावात आहेत, निदान बघितलं म्हणणारी तरी. एकदा गावात एक वृद्ध मुनी आले. ह्यांचं अंग दणकट, म्हणून पुढच्या गावापर्यंत सोबत करायचं काम ह्यांना दिलं. पुढच्या गावाहून त्याच्या पुढच्या गावाला गेले. तिथून आणखी पुढे. कित्येक महिन्यांनी घरी आले ते आईची परवानगी मागायला. आई म्हणाली, "जा. पण जेवून जा." पोटभर जेवले, उठले, गेले. मग चांगले बाप्ये झाल्यावर पाटी घेऊन त्या वृद्ध मुनींपुढे बसले आणि अक्षरं गिरवायला सुरुवात केली. आता दिव्यात संध्याकाळी हॉलमध्ये ते बोलायचे तेव्हा समोर डॉक्टर, वकील बसलेले असायचे, आणि महाराज नांगराच्या, मोटेच्या उपमा द्यायचे. चौथी शिकलेला माणूस असं बोलतो, हे मी, आठवीत शाळा सुटलेली, मान वर करून ऐकायचे.

महाराज दिव्यात थांबलेत म्हटल्यावर डोंबिवलीहून, कल्याणहून माणसं आली. त्यांना आपापला चौका लावायचा होता. चौका म्हणजे मुनींच्या आहारासाठी मांडलेलं सोवळ्यातलं स्वयंपाकघर. मावशीने चाळीतल्या रिकाम्या खोल्या उघडून दिल्या. माझ्या शेजारच्या खोलीत डोंबिवलीच्या एक काकू आल्या, बँकेतून रिटायर झालेल्या, टापटिपीच्या. ज्या दिव्यात आम्ही टँकरमागे हंडे घेऊन पळतो तिथे गाड्यांतून लोक पाणी मागायला उतरत होते. मावशी विहिरीच्या कठड्यावर बसून सगळ्यांना नंबर लावायची. "ओ डोंबिवली, मांगं. आदी कल्यान."

पाणी काढणं एवढ्यावर संपत नाही. काढलेलं पाणी जाड, दुहेरी कापडातून गाळायचं. कापडावर जे बारीक जीव राहतात, दिसोत न दिसोत, ते गाळलेल्या पाण्याने अलगद धुऊन परत त्याच विहिरीत सोडायचे. ह्याला आम्ही जिवाणी म्हणतो. वरून ओतायची नाही, आपटून मरतील. तिची बादली वेगळी असते, बुडाला कडी असलेली. दोर सावकाश सोडत पाण्याला टेकवायची, तिथेच ती कलते.

मावशीला हे फार आवडलं. "त्यांना पन घरी सोरून येवाचा?"

"हो, त्यांच्याच घरी. दुसऱ्या विहिरीत चालत नाही."

"बरा हाय. आमच्या भारेकरूंना पन असा कुनी त्यांच्या घरी सोरून आला आसता तं."

तिला ते काम करायचं होतं. पण मी अडखळले, मावशी मासळी खाणारी, चालेल का? ताईंना विचारलं. ताई म्हणाल्या, "पाणी तू ओढ, तुझं सोवळं आहे. जिवाणी त्यांना सोडू दे. जीव वाचवायला सोवळं लागत नाही." तेव्हापासून ती बादली मावशीची झाली. दुसऱ्या कोणी हात लावला की ती डोळे वटारून बघायची.

आता माझी भीती सांगते. महाराज आहाराला निघताना मनात एक खूण धरतात. अमुक दिसलं तर त्या दारी थांबायचं, नाहीतर उपाशी परत. ह्याला विधी म्हणतात. खूण कोणालाच माहीत नसते. म्हणून जो तो दारात कलश घे, नारळ घे, फळं घे, असं करून उभा राहतो. आणि समजा तुमच्या दारी थांबले, तर आणखी मोठी भीती. घासात केस निघाला, मुंगी निघाली, की अंतराय. ओंजळ सुटली, त्या दिवसाचं जेवण तिथेच संपलं. पाणीही नाही.

पहिल्या दिवशी महाराज काकूंच्या दारी थांबले. तिसऱ्या घासाला केस निघाला. महाराज शांतपणे खाली बसले. काकू भिंतीकडे तोंड करून रडल्या. दुसऱ्या दिवशी चतुर्दशी, म्हणजे उपवासच. आता तिसरा दिवस उजाडला. सत्तरी ओलांडलेला माणूस, गुडघा सुजलेला, पोटात नुसते दोन घास. आज जिथे थांबतील तिथे नीट व्हायलाच हवं होतं. मी देवाला एका दमात सांगत होते, माझ्याकडे पाठव, आणि दुसऱ्या दमात, माझ्याकडे नको.

आदल्या दिवशी मी नवऱ्याला मिशी काढायला लावली होती. केस नको म्हणून. हौसेने वाढवलेली मिशी. त्याने काढली आणि आरशात बघून म्हणाला, "गोदामात आता कुणी ओळखणार नाही, हजेरी बुडाली समज." आईला फोनवर सांगितलं तर तिकडून हसण्याशिवाय काही ऐकूच येईना. "अगं, नवऱ्याच्या मिशा काय पानगळीला आल्यात व्हय?"

त्या सकाळी स्वयंपाक झालेला. ज्वारीची भाकरी, बिनमिठाची मुगाची आमटी, दुधी, तूप, दूध. प्यायचं पाणी पितळी कळशीत उकळून झाकून ठेवलेलं. झाकण उचललं तर कळशी काठोकाठ भरलेली. मी ठेवली तेव्हा ती अर्धी होती.

"ही कुणी भरली?"

नवरा कौतुकाची वाट बघत असल्यासारखा पुढे झाला. "मी. अर्धीच दिसली. तू घाबरशील म्हणून ड्रममधलं घातलं. परत उकळलं पण हां."

ड्रममधलं म्हणजे टँकरचं.

दारात महाराजांना बोलावताना म्हणावं लागतं, मन शुद्ध, वचन शुद्ध, काया शुद्ध, आहार-जल शुद्ध आहे. हे तोंडाने कसं म्हणू? उन्हाळ्यासारखं ऊन, दोन दिवसांची तहान, आणि पाणीच नाही. नवऱ्याचं तोंड तर मिशीवाचून आधीच उघडं पडलेलं, ते आणखीनच बापुडं दिसायला लागलं. ताई दारात आल्या, त्यांना सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. "महाराज अजून दर्शनाला बसलेत. रडायला नंतर वेळ आहे. जा, पाणी काढ."

कळशी रिकामी करून मी विहिरीकडे धावले, नवरा मागोमाग. मावशी कठड्यावर होतीच. माझं तोंड बघून तिने जाळीच उघडली. मी पाणी ओढलं, गाळलं, कळशी नवऱ्याच्या हातात दिली, "सरळ शेगडीवर. कशाला हात लावू नकोस." तो गेला. एवढ्यात हॉलकडून आवाज आला, महाराज निघाले.

मी पण दाराकडे वळले, तर मावशी म्हणाली, "न यांचा काय?"

गाळणं तसंच पडलेलं, जिवाणीसकट.

"आल्यावर सोडते, मावशी."

"आल्यावर? ह्या उनात? सुकून मरतीन ती. तूच शिकवलास ना मना?"

तिने बादली घेतली. पण घाईघाईत दोराला गाठ पडलेली. एकीने बादली धरायची आणि दुसरीने गाठ सोडवायची, त्याशिवाय जमेना. गाठ सुटली तेव्हा बादली काठाखाली लोंबत होती आणि दोर दोघींच्या हातात, आता मागे फिरता येत नव्हतं. आम्ही दोघी कठड्यावर वाकलो आणि हात हात दोर सोडायला लागलो. हिसका द्यायचा नाही. मावशी पुटपुटत होती, "हलू, हलू, पोरां हायेत आत."

मागे अंगण एकदम शांत झालं. मला कळलं, महाराज आले. मी पाठमोरी, हातात दोर, वळता येईना. माझ्या दारात नवरा एकटा. कलश आत, नारळ आत, त्याच्या हातात काहीच नाही. त्याने नुसते हात जोडले म्हणे, आणि सुरुवात केली, "हे स्वामी, नमोस्तु, नमोस्तु, नमोस्तु. अत्र, अत्र." इथे, इथे, एवढं म्हणून पुढचं विसरला. परत, "अत्र, अत्र." परत, "अत्र."

शेजारच्या दारातून काकूंचा आवाज आला, हळू पण ठाम. "तिष्ठ, तिष्ठ म्हणा." थांबा, थांबा म्हणा. ज्यांच्या दारावरून महाराज नुकतेच पुढे गेले होते, त्या काकू.

"तिष्ठ, तिष्ठ," नवरा म्हणाला.

बादली पाण्याला टेकली, कलली, दोर हलका झाला. मी वळून बघितलं. महाराज आमच्या दारात थांबले होते.

नंतर मी कशी धावले, प्रदक्षिणा कशा घातल्या, ते आठवत नाही. "आहार-जल शुद्ध आहे" म्हणताना मात्र माझा आवाज कापला नाही, एवढं पक्कं आठवतं. आत पाद्यपूजा होईपर्यंत पाणी खळखळून उकळलं. पण उकळतं पाणी ओंजळीत कसं घालणार? काकू आपलं दुःख बाजूला ठेवून आत आल्या, त्या पण सोवळ्यातच होत्या, आणि कोपऱ्यात उभ्या राहून ह्या भांड्यातून त्या भांड्यात पाणी ओतत राहिल्या.

मी पहिला घास ठेवला. महाराज प्रत्येक घास ओंजळीत अंगठ्याने पसरून बघत आणि मग तोंडात घेत. चार, पाच घास गेले. मग अंगठा थांबला. भाकरीच्या तुकड्यावर काहीतरी बारीक होतं. महाराजांनी ते वळवून बघितलं. खोलीत फक्त काकूंच्या पाण्याची धार ऐकू येत होती. तीही थांबली.

कोंडा होता. ज्वारीचा. महाराजांनी घास घेतला.

काकूंची धार पुन्हा सुरू झाली.

मग ते जेवले. आईने सांगितलेल्या गोष्टीतल्यासारखे नाही, पण नीट, शांतपणे. शेवटी पाणी मागितल्याची खूण केली. मावशीच्या विहिरीचं पाणी त्यांच्या ओंजळीत पडलं आणि ते पीत राहिले. मी ओतत होते आणि मला वाटत होतं, कळशी संपू नये.

खिडकीच्या गजांतून मावशीचा आवाज. "पिला का पानी?"

"पिले, मावशी."

"सगला?"

"भरपूर पिले."

"मंग आता मी चाय पिते," ती म्हणाली. पहाटेपासून ती तशीच होती, हे मला तेव्हा कळलं.

दुपारी सगळ्यांचं एकच चाललेलं, विधी काय होता? कल्याणवाले म्हणाले, रिकाम्या हाताचा पुरुष. काकू म्हणाल्या, मला वाटतं एकटा माणूस, जोडपं नाही. नवरा हनुवटी चोळत म्हणाला, मिशी नसलेला. मावशी सगळ्यांना वेड्यात काढत होती. "आरे, यो बाबा हिरीवरच्या दोन बायकांना बगून थांबला. मी सांगते." शेवटी कोणीतरी महाराजांनाच विचारलं. विधी ते सहसा सांगत नाहीत. हसले आणि म्हणाले, "बाळ, भूक लागली होती."

गुडघ्याची सूज उतरल्यावर महाराज निघाले. कल्याण, मग खडवलीच्या अंगाने पुढे. जाताना ते प्रत्येकाकडून काहीतरी सोडण्याचा नियम मागतात. मावशी हात जोडून आधीच म्हणाली, "बाबा, मासली सोराला सांगू नको. खोटा नाय बोलनार मी."

"बरं. एक वार द्या."

"सोमवार घे."

"सोमवारी तुम्ही तशाही खात नाही, असं ऐकलं."

मावशीने माझ्याकडे बघितलं. मी दुसरीकडे बघितलं.

"बरा, मंगलवार घे," मावशी म्हणाली. महाराजांनी पिंछी वर करून आशीर्वाद दिला. मावशी रस्त्यापर्यंत त्यांच्या मागे गेली. आल्यावर मला म्हणाली, "चुगलखोर."

मंगळवार तिने आजवर पाळलाय. सुना बोंबील तळतात तेव्हा ती माझ्याकडे येऊन बसते, माझी आमटी-भाकरी खाते, आणि आमटीत मीठ कमी आहे म्हणते.

मी तिला काही द्यायला गेले की ती हात झटकते. नवीन ब्लाउज शिवून नेला तर म्हणाली, माप चुकलंय, परत ने. माप बरोबर होतं. एकदाच तिने काही मागितलं. मी गावच्या विहिरीचं सांगत होते, दगडी पायऱ्यांची, उसाच्या कडेची, आई अजून तिचं पाणी गाळते ती. मावशी म्हणाली, "कसाऱ्याच्या पुरं मी कंदी गेलेच नाय. तुजी हीर दाव एकदा."

दाखवीन, मावशी. अजून जमलं नाही. ह्यांची सुट्टी, माझी कामं, माझी भीती, सगळं आडवं येतं. पण एक दिवस तुला खिडकीच्या जागेवर बसवून कृष्णाकाठी नेईन. तू आमच्या विहिरीच्या कठड्यावर बसायचं आणि सगळ्यांना नंबर लावायचा. पाणी मी ओढीन. जिवाणी तूच सोड. आणि आई तुला जेवल्याशिवाय उठू देणार नाही, मीठ तुझ्या हाताने घालून घे.